चिंधूने न जोडलेलं सील

चिंधू कापगते दर दुसऱ्या रविवारी आमच्याकडे पत्र लिहून घ्यायला यायचा. सेक्टर ६ मधलं आमचं क्वार्टर तेव्हा इतकं नवं होतं की भिंतीला टेकलं की पाठीला चुना लागायचा, आणि अंगणात लावलेलं एकही झाड माझ्या गुडघ्यावर गेलं नव्हतं. तो सायकल फाटकाला टेकवायचा, नळावर हातपाय धुवायचा आणि स्वयंपाकघराच्या दाराशी पाट ओढून बसायचा. पत्र बायकोला. बायको मथुरा आमगावच्या पलीकडल्या खेड्यात, सासूजवळ, दीड वर्षाच्या मनकर्णेला घेऊन राहत होती.

चिंधू तिसरी पास होता. आकडे सुरेख काढायचा, सही करायचा, मोडकंतोडकं लिहायचाही. तरी पत्र माझ्याकडूनच लिहून घ्यायचा, कारण गावचे मास्तर ते सगळ्या आळीसमोर मोठ्यानं वाचत आणि वाचून झालं की अक्षर सगळ्यांना दाखवत.

"लिहा बाई, इकडं सगळं बरं हाये."

"मागच्या वेळीही हेच लिहिलं होतं, चिंधूभाऊ."

"मंग बरंच हाये ना! वाईट झालं तं येगळं लिहू."

त्याच्या आधीची तीन भावंडं तान्हेपणी गेली. चौथा हा झाला तेव्हा आईनं त्याला नवं कापड लावलं नाही, चिंध्यांत गुंडाळलं आणि नावही तेच ठेवलं, म्हणजे मरणाला वाटावं, हे काही उचलून नेण्याजोगं नाही. हे त्यानं हसत सांगितलं होतं. मला हसू आलं नाही. आदल्या वर्षी दुर्गला भाड्याच्या खोलीत राहत असताना माझ्या शीलाला विषमज्वर झाला होता, एकवीस दिवस. तेव्हापासून मी पाणी दोनदा उकळत असे आणि ती शाळेतून आली की दप्तर काढून घ्यायच्या आधी कपाळाला हात लावत असे. माझे यजमान माधव म्हणत, "अगं, पोरगी आहे, तवा नाही." पण मला त्या चिंध्यांत गुंडाळणाऱ्या बाईचं सगळं कळत होतं.

सत्तावन्न साली चिंधू भिलाईत आला तो पाया खणायला. भट्टी उभी राहत होती, लाल माती उडत होती, आणि भंडाऱ्याकडची अर्धी गावं कॅम्पातल्या झोपड्यांत येऊन पडली होती. पुढे तो मीटर दुरुस्त करणाऱ्यांच्या हाताखाली गेला. तिथे कोणाच्या तरी लक्षात आलं की हा माणूस तार पिळतो ती सैल होत नाही. लहानपणापासून धानाच्या पेंढ्या बांधलेला हात. मग त्याला सील मारायचं काम दिलं.

कारखान्यात वजनकाटे होते, भट्टीची उष्णता कागदावर उतरवणारी यंत्रं होती, विजेचे मीटर होते. या सगळ्यांच्या झाकणांना दोन कड्या असत. कड्यांतून बारीक तार ओवायची, टोकांना शिशाचा मणी घालायचा आणि पक्कडीनं दाबायचा. मण्यावर एका बाजूला कारखान्याचं अक्षर उमटे, दुसऱ्या बाजूला नंबर. चिंधूच्या सायकलच्या पिशवीत असे शंभर-शंभर मणी खुळखुळत. रोज फेरी मारून तो प्रत्येक सील बघायचा आणि वहीत लिहायचा : नंबर, तारीख, साबूत.

एकदा मी त्याला विचारलं होतं, "इतकीशी तार. कात्रीनंही तुटेल. चोराला काय अडवणार ती?"

"चोराले नाई अडवत बाई. तो येऊन गेला, एवढं सांगते."

हे तो कारखान्यात शिकला नव्हता. त्याचा बाप मालगुजाराच्या, म्हणजे गावच्या जमीनदाराच्या, खळ्यावर राखणदार होता. मळणी झाली की धानाच्या राशीवर जागोजागी ओल्या मातीचे गोळे ठेवायचे आणि त्यांवर लाकडी ठप्पा मारायचा. मूठभर धान काढलं तरी रास ढासळते, गोळा तडकतो, ठप्पा मोडतो. मोडलेला ठप्पा दिसला तर राखणदारानं त्याला हात लावायचा नाही. हाक मारून चार माणसं गोळा करायची आणि राशीजवळ बसायचं. ज्यानं केलं तो पुढे येऊन बोलेपर्यंत, नाहीतर पंच रास मोजेपर्यंत, नवा ठप्पा मारायचा नाही. त्याचा बाप एकदा पौषाच्या थंडीत तीन दिवस असा बसून राहिला होता.

"मग कोणी केलं होतं?"

"मालगुजाराच्या बकरीनं. ते काय बोलते!"

तेव्हा आम्ही दोघंही पोट धरून हसलो होतो.

माधव ज्या विभागात सुपरवायझर होते तिथे कार्डांचं यंत्र होतं. आज त्याला कोणी संगणक म्हणणार नाही. पण तेव्हा भिलाईत आकडे जोडणारी त्याच्याहून मोठी वस्तू नव्हती. प्रत्येक पाळीत किती कोळसा गेला, किती दगड गेला, किती लोखंड आलं, हे जाड कागदाच्या कार्डांवर भोकं पाडून लिहायचं, कार्डं यंत्राला भरवायची, आणि आत शेकडो चाकं फिरून बेरजा छापून यायच्या. यंत्र दोन कपाटांएवढं. ते कलकत्त्याच्या एका कंपनीकडून भाड्यानं आणलेलं होतं आणि मागचं दार त्यांच्या मेकॅनिकखेरीज कोणी उघडायचं नाही, असा करार होता. चाकांना कोणी हात घातला तर आकडे चुकतील आणि ते चुकलेत हे कोणाला कळणारही नाही. म्हणून त्या दारालाही चिंधूचं सील होतं.

माझी शीला आता बंगलोरला याच धंद्यात आहे. मोठमोठ्या कंपन्यांची यंत्रं कोणी गुपचूप उघडू नयेत, हे पाहण्याचं तिचं काम. झाकणाच्या स्क्रूवर एक पट्टी चिकटवतात, उचकटली की तिच्यावर अक्षरं उमटतात आणि पुन्हा काही केल्या पहिल्यासारखी बसत नाही. "आई, ही पट्टी कोणाला अडवत नाही गं, नुसती सांगते," असं ती मला समजावत होती. मी ऐकून घेतलं. एवढं शिकवून तिनं मग जेवलीस का याचं उत्तर काही दिलं नाही, म्हणून मला काळजी लागली ती वेगळीच.

एकसष्टच्या खंडेनवमीला विभागात यंत्राची पूजा ठरली. कर्मचाऱ्यांच्या घरच्यांना आत यायची परवानगी होती. आम्ही बायका नऊवारी-पाचवारी नेसून, ताटं घेऊन, कारखान्याच्या बसमधून गेलो. यंत्राला झेंडूची माळ, दोन्ही बाजूंना केळीचे खांब. एकेकीनं पुढे होऊन त्या राखाडी पत्र्यावर हळदकुंकू लावलं, अक्षता टाकल्या.

माझी पाळी आली तेव्हा सिंधुताई शेजारी होत्या. हेडक्लार्क शामरावांच्या पत्नी, मूळच्या दुर्गच्या, जिभेला तिखट.

"काय हो वासंती, झाकणाला कसलं कुंकू लावता? आमच्याकडे विळीसुद्धा पातं उघडून पुजतात. म्यानातल्या तलवारीला कोणी कुंकू लावलेलं ऐकलंय का?"

"मग काय करायचं, सिंधुताई?"

"मला काय विचारता? तुम्ही बी.ए. झालेल्या!" आणि त्या हसत प्रसादाच्या टेबलाकडे निघून गेल्या.

त्यांनी थट्टेत म्हटलं होतं. माझ्या मनात ते जाऊन बसलं. त्या महिन्यात यंत्र सारखं अडत होतं. माधव घरी येत ते डोळे लाल करून, आणि जेवताना ताटाच्या कडेला बोटानं आकडे काढत. त्यांच्या आधीच्या सुपरवायझरची राजहऱ्याच्या खाणीवर बदली झाली होती, ती याच यंत्रापायी असं सगळे म्हणत. तिथे तेव्हा धड शाळा नव्हती, डॉक्टर आठवड्यातून एकदा यायचा. शीलाचा ताप मी पुन्हा तिथे काढू शकणार नव्हते. आणि वाटलं, खरंच, आपण वरवरची पूजा केली. यंत्र तर आत आहे.

चिंधू सकाळपासून मागच्या दारापाशी राखण करत उभा होता. नेमकं तेव्हाच शामरावांनी त्याला पाण्याचं पिंप उचलायला हाक मारली. तो गेला. मी यंत्रामागे गेले. विड्यासाठी आणलेला अडकित्ता ताटात होता. मी त्यानं तार तोडली. दार उघडलं, आतल्या पितळी चाकांच्या रांगांवर चिमूटभर कुंकू आणि चार अक्षता टाकल्या, हात जोडले. माधवांचं यंत्र चालू दे, आम्हाला इथेच राहू दे. दार लावून तारेची टोकं वेणी घालतात तशी एकमेकांत गुंतवली. मणी खाली लोंबत राहिला. सगळं मिळून मिनिटभरही लागलं नसेल.

मला वाटलं होतं, चिंधूकडे पिशवीभर मणी आहेत. तुटलेलं दिसलं तर दुसरं मारेल. तो इतक्या वेळा सगळं सांगून गेला होता, आणि मी नुसती गोष्ट म्हणून ऐकलं होतं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी चिंधूनं फेरीत ते पाहिलं. वहीत लिहिलं : नंबर, तारीख, तुटलेलं. त्याखालची एक ओळ कोरी सोडली आणि यंत्रासमोर स्टूल टाकून बसला. पुढचं मला माधवांनी सांगितलं.

शामराव म्हणाले, "अरे, बसतोस काय? नवीन मारून टाक. कार्डांचा ढीग लागलाय."

"मोडल्यावर नवं मारलं तं कोनाले काय कळन सायेब? आधी आत पाहा लागते."

"कळायला कशाला हवंय? सुट्टीत उंदरानं तोडली असेल तार."

"उंदीर येनी नाई घालत."

"तुझ्या बापाचं यंत्र आहे का रे?"

"बापाची रास बी नोती सायेब. मालगुजाराची होती."

शामरावांना यातलं काही कळलं नाही. तो आपली टर उडवतोय एवढंच वाटलं. त्यांनी सील नसतानाच यंत्र चालू करायला लावलं. संध्याकाळपर्यंत बेरजा अशा आल्या की जितका दगड भट्टीत गेला त्याहून जास्त लोखंड बाहेर पडलं होतं. यंत्र बंद करून चार कारकून हातानं बेरजा करायला बसवले आणि मेकॅनिकला तार गेली.

मेकॅनिक सोमवारी आला. दोन तास चाकं सोडवत होता. रात्रीच्या जेवणाला माधव ताटावर बसले आणि म्हणाले, "सापडलं. एक तांदूळ. दोन दातांमध्ये अडकून बसला होता, त्यामुळे हातचा पुढे जातच नव्हता. लाल तांदूळ, म्हणजे अक्षतेचा."

मी भात वाढत होते. वाढतच राहिले.

"अगं, पुरे," ते म्हणाले. पुरे कोणाला म्हणत होते, भाताला की विषयाला, कोण जाणे.

"शामराव म्हणतात, हे चिंधूचंच काम. खेडवळ माणूस, दिवसभर एकटा तिथं उभा, पक्कड त्याच्याकडे. म्हणतात, त्यानंच उघडून पूजा केली आणि आता साळसूदपणे वहीत लिहितोय."

"त्याला तर पिंप उचलायला बोलावलं होतं ना?"

"शामरावांना ते आठवत नाही. तुला कसं माहीत?"

"मी पाहिलं होतं," मी म्हटलं. एवढं खरं बोलले आणि थांबले.

त्या आठवड्यात कायम होणाऱ्यांची यादी जायची होती. चिंधूचं नाव तीत होतं. कायम झाला की क्वार्टर, आणि क्वार्टर मिळालं की मथुरा आणि मनकर्णा भिलाईला. चार वर्षं तो याचीच वाट पाहत होता. मथुरेनं बोचकीसुद्धा बांधून ठेवली होती. ते मागच्या पत्रात मीच वाचून दाखवलं होतं. बुधवारी माधवांनी सांगितलं की शामरावांच्या अहवालावरून त्याचं नाव काढलं.

मी बोलले नाही. बुधवारी नाही, गुरुवारी नाही. शीलाच्या वेण्या घालताना ठरवायची की आज सांगायचं, आणि ती दप्तर घेऊन शाळेकडे पळाली की वाटायचं, ही शाळा सुटली तर? हे पांढरं घर, हा नळ, पलीकडचा दवाखाना? सुपरवायझरच्या बायकोनं सील तोडलं म्हटल्यावर सुपरवायझर कुठे जाईल? मनात मी राजहऱ्याला बिऱ्हाड मांडून, तापलेल्या पोरीला मांडीवर घेऊन बसलेलीसुद्धा होते. शनिवारी यादी गेली.

रविवारी चिंधू आला. नेहमीसारखे हातपाय धुतले, पाट ओढला. मी सुपात माहेरून, रायपूरहून आलेले तांदूळ निवडत होते. सूप बाजूला ठेवून दौत-टाक घेतला.

"लिहा बाई. क्वार्टर औंदा नाई भेटत. बोचके सोडून टाक. मायचं खोकलं पाहत जा."

मी लिहिलं. विचारलं, "कारण काय लिहू?"

"नका लिहू."

"ती विचारेल ना."

"मंग लिहा, सील तुटलं होतं, म्या सांगतलं. एवढंच."

"आणि कोणी तोडलं?"

चिंधूनं सुपातला एक दाणा चिमटीत उचलला, तळहातावर ठेवला.

"दुबराज होये ना बाई? तुमच्या रायपूरचा. आमच्या कॅम्पात हा कोनी नाई खात. आमचा जाडा. सिंधुताईच्या घरी बी जाडाच हाये, म्या पोतं उतरवलं होतं." दाणा त्यानं परत सुपात टाकला. "त्या मेकॅनिकनं मले दाखवला. असाच बारीक होता."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं. मग तुम्ही सांगितलं कावून नाही?" त्याच्याच बोलीतला शब्द माझ्या तोंडून गेला.

"सील तुटलं हे सांगनं माहं काम. कोनं तोडलं हे ज्यानं तोडलं त्यानं सांगाव." तो रागानं बोलत नव्हता, मुलाला रस्ता दाखवावा तसं सांगत होता. "राखनदारानं नाव घेतलं ना बाई, तं दुसऱ्या दिसापासून लोकं राशीकडं नाई पाहत, राखनदाराकडं पाहतेत. कोनावर रोख ठेवला, कोनाले सोडलं. मंग त्याच्या ठप्प्याची काय किंमत?"

"पण तुमचं घर गेलं, चिंधूभाऊ."

"गेलं," तो म्हणाला. "लिहा, डाक निघून जाईन."

मी पत्र पुरं केलं. खाली त्यानं सही केली, ठळक, वेलांटीसकट. पाकीट घेऊन तो गेला आणि मी माधवांना उठवलं. ते दुपारचे लवंडले होते.

सगळं ऐकून ते गादीवर उठून बसले. मग म्हणाले, "बी.ए.ला काय विषय होता तुझा?"

"तर्कशास्त्र."

"छान," ते म्हणाले. "मला आधी का नाही सांगितलंस?"

"राजहऱ्याला पाठवतील म्हणून. शीलाला तिथं..."

"अगं, पाठवलं असतं तर गेलो असतो. तिथंही माणसांची पोरं वाढतात." थोड्या वेळानं उठून त्यांनी शर्ट घातला. "उद्या माझ्याबरोबर चल. तूच सांग. मी सांगितलं तर चिंधूला वाचवायला बायकोचं नाव पुढे केलं म्हणतील."

सोमवारी मी बड्या साहेबांच्या खोलीत उभी राहिले. त्यांनी सगळं ऐकलं आणि चष्मा काढला. "आपने? आप तो ग्रॅज्युएट हैं."

"जी," मी म्हटलं. "उसने तो पूरे समय सच ही लिखा."

त्यांनी शामरावांना बोलावून पिंपाबद्दल विचारलं. माझ्यासमोर विचारल्यावर शामरावांना पिंप आठवलं. साहेबांनी तो अहवाल रद्द केला, चिंधूच्या कागदावर तसं लिहिलं. माधवांना एक ताकीदपत्र मिळालं, ते फाइलला लागलं. आमची बदली झाली नाही. शाळा राहिली, नळ राहिला, दवाखाना राहिला. ज्या भीतीपायी मी सहा दिवस गप्प बसले ती एका कागदाएवढी निघाली.

"आणि यादी?" मी विचारलं.

"वो तो शनिवार को गयी," साहेब म्हणाले. "अब अगली में."

तिथून आम्ही यंत्रापाशी गेलो. दहा-बारा दिवस त्या दाराला सील नव्हतं, आणि सीलाशिवाय यंत्र चालवायचं नाही असं मेकॅनिक बजावून गेल्यामुळे कार्डांवर हाताचंच काम चाललं होतं. चिंधू स्टुलावरून उठला, वही उघडून माझ्यापुढे धरली. 'तुटलेलं' या शब्दाखालची ओळ अजून कोरी होती. मी लिहिलं : वासंती माधव पातूरकर, खंडेनवमीच्या दिवशी, पूजेसाठी. माझं अक्षर इतकं वाईट कधी आलं नव्हतं. चिंधूनं शाई वाळू दिली. मग तार ओवली, मणी घातला, पक्कड दाबली.

"नंबर वाचून घ्या बाई."

"चारशे अकरा."

"तुमी बी सही करा सायेब," तो शामरावांना म्हणाला. शामरावांनी केली.

पुढची यादी लवकर निघेल असं सगळे म्हणत होते. ती निघायला दीड वर्ष लागलं. आधी भरती थांबली, मग सीमेवर लढाई झाली, मग काहीतरी कागद अडले. चिंधू दर दुसऱ्या रविवारी येत राहिला. एकदाही त्यानं त्या गोष्टीचं नाव काढलं नाही, आणि मी दर पत्रात आपणहून शेवटी एक ओळ घालायची, 'लवकरच घर मिळेल', ती त्यानं कधी खोडायला सांगितली नाही. या दीड वर्षात त्याला तीनदा रजा मिळाली, प्रत्येक वेळी चार-चार दिवसांची. मनकर्णा पळायला लागली ते पत्रातून कळलं. बोलायला लागली, तेही पत्रातून. तिला गोवर निघाला ते कळलं तेव्हा ती बरीही झाली होती. ते पत्र वाचून दाखवताना मी मध्येच थांबले, तो म्हणाला, "वाचा ना बाई, बरी झाली हाये ती."

त्रेसष्टच्या चैत्रात त्याला क्वार्टर मिळालं, एक खोली आणि ओसरी. मथुरा गोंदियाकडून येणाऱ्या पॅसेंजरनं दुर्गला उतरली आणि चिंधूनं दोघींना सायकल-रिक्षातून आणलं. मी डबा घेऊन गेले होते. मथुरा माझ्या कल्पनेपेक्षा ठेंगणी, हसरी. आल्याआल्या तिनं पदर खोचला आणि खोली झाडायला घेतली. माझ्या पाया पडली. "तुमचं अक्षर मले पाठ हाये बाई," म्हणाली. तिला सगळं माहीत होतं का, ते मी कधीच विचारलं नाही.

मनकर्णा तीन वर्षांची झाली होती. आईच्या लुगड्याचा काठ धरून ती खोलीभर फिरत होती. चिंधूनं तिच्यासाठी लाकडी बैल आणला होता. तिनं घेतला, पण त्याच्याजवळ गेली नाही. त्यानं शर्ट काढून खुंटीला अडकवला आणि ओसरीत टेकून बसला, आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या घरात. पोरगी त्या खुंटीवरच्या शर्टाकडे बघत राहिली. मग आईला ओढून मोठ्यानं विचारलं,

"माय, हे पावने कवा जाऊन राहिले?"

मथुरा खळखळून हसली. चिंधूही हसला, डोळे पुसेपर्यंत हसला, आणि म्हणाला, "आता नाई जात बेटा, ये इकडं." ती आली नाही. मी डब्याचं झाकण उघडायला म्हणून खाली बसले. शीला तिच्याच वयाची असताना रोज संध्याकाळी बापाच्या सायकलची घंटा ऐकून दारापर्यंत पळत जायची.

मनकर्णा त्याच्या मांडीवर जाऊन बसायला पावसाळा उजाडला.